मोबाईलची भरलेली जागा आणि क्लाउड : एक अभ्यास

२०२४ सालच्या वर्षावास समाप्तीच्या कार्यक्रमात आमच्या संस्थेचे एक वयोवृद्ध सभासद बोलण्यास उभे राहिले. १९५६ साली ते वडिलांचे बोट धरून नागपूरला गेले होते. त्या वेळी त्यांचे वय दहा-अकरा वर्षांचे. गाडीत पाय ठेवायला कशी जागा नव्हती, आईने बरोबर काय बांधून दिले होते, पांढरी वस्त्रे कोणाकडून उसनी आणली होती, हे ते सावकाश सांगत होते. संस्थेचा एक तरुण कार्यकर्ता ते सर्व मोबाईलवर टिपत होता. अकरा मिनिटे झाली आणि पडद्यावर 'स्टोरेज फुल' अशी अक्षरे उमटली. चित्रण थांबले. कार्यकर्त्याने घाईघाईने जुने दोन-तीनशे फोटो निवडले आणि पुसून टाकले. ते सगळे क्लाउडवर आहेत, अशी त्याची समजूत होती. चित्रण पुन्हा सुरू होईपर्यंत वक्ते खाली बसले होते.

गोष्ट एवढ्यावर थांबली असती तर बरे होते. डिसेंबरअखेरीस एका विद्यार्थिनीच्या जात पडताळणीसाठी तिच्या आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याचा फोटो हवा झाला. हा दाखला वर्षभरापूर्वी त्याच कार्यकर्त्याने संस्थेच्या कार्यालयात मोबाईलवर टिपून ठेवला होता. मूळ कागद तोपर्यंत घर बदलताना गहाळ झालेला. मोबाईलवर फोटो नव्हता, हे अपेक्षितच होते. परंतु क्लाउडवरही नव्हता. ज्या ॲपमधून फोटो पुसले होते ते गूगल फोटोज होते, आणि तेथे बॅकअप झालेला फोटो पुसला की तो मोबाईलवरून आणि क्लाउडवरून असा दोन्हीकडून जातो. टोपलीत तो साठ दिवस राहतो. आम्ही तेथे पोचलो तेव्हा ते साठ दिवस उलटून गेले होते.

आम्ही त्या कार्यकर्त्याला दोष देत नाही. मोबाईल सर्वांच्या हाती आला, पण त्यातील वस्तू नेमक्या कोठे राहतात, हे आपल्यापैकी फारच थोड्यांना कोणी समजावून सांगितले. तेव्हा स्मरणिकेच्या या अंकात सभासदांनी व विशेषतः विद्यार्थ्यांनी हा विषय नीट समजून घ्यावा, म्हणून हा लेख लिहीत आहोत. ज्यांना हे सर्व आधीच ठाऊक आहे त्यांनी तो घरातील वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावा.

जागा कशाने भरते

प्रथम थोडे गणित. संगणकात माहिती मोजण्याचे एकक बाइट. साधारण हजार बाइटचा एक केबी, हजार केबीचा एक एमबी आणि हजार एमबीचा एक जीबी. (काटेकोर हिशेबात हजाराच्या जागी १०२४ येतात; आपल्या कामाला हजार पुरेत.) आजच्या साध्या मोबाईलवर काढलेला एक फोटो तीन ते पाच एमबीचा होतो. व्हिडिओचे मात्र तसे नाही. नेहमीच्या १०८० दर्जाचे चित्रण मिनिटाला शंभर एमबीच्या आसपास जागा घेते. म्हणजे दोन तासांच्या कार्यक्रमाचे अखंड चित्रण केले तर १२० मिनिटे गुणिले १०० एमबी, म्हणजेच सुमारे १२ जीबी झाले. ६४ जीबीचा मोबाईल घेतला तरी ६४ जीबी आपल्या हाती येत नाहीत. ऑपरेटिंग सिस्टिम आणि कंपनीने आधीच घातलेली ॲप्स त्यातली बरीच जागा व्यापून बसलेली असतात. अशा मोबाईलवर दोन-तीन कार्यक्रम टिपले की संपले.

दुसरा मोठा भार व्हॉट्सॲपचा. वस्तीचा ग्रुप, कार्यालयाचा ग्रुप, नातेवाइकांचा ग्रुप, वर्गमित्रांचा ग्रुप. आणि प्रत्येकावर सकाळी सहापासून फुलांच्या ताटव्यात 'जय भीम, नमो बुद्धाय'. एकच चित्र पाच ग्रुपवरून पाच वेळा येते. अभिवादनाला आमचा विरोध नाही, पण ते दोन शब्द लिहूनही करता येते. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' आणि त्याखाली 'मॅनेज स्टोरेज' असे आहे. तेथे पाच एमबीहून मोठ्या वस्तू आणि अनेकदा पुढे पाठवल्या गेलेल्या वस्तू वेगळ्या काढून दाखवतात. पंधरा मिनिटे तेथे बसले तर बहुतेकांचे दोन-चार जीबी सुटतात, क्लाउडचे नावही न काढता. फोटो व व्हिडिओ आपोआप उतरवून घेण्याची सोयही तेथूनच बंद करता येते.

यानंतर मोबाईलमध्ये जे उरते त्याचे दोन भाग करावेत. एक, पुन्हा मिळण्यासारखे. दोन, पुन्हा न मिळण्यासारखे. आमचे बरेच विद्यार्थी बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे इंग्रजी खंड मोबाईलमध्ये उतरवून ठेवतात. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले हे खंड शासकीय संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. वाचन चालू आहे तो खंड ठेवावा, बाकीचे खुशाल काढावेत, हवे तेव्हा पुन्हा उतरवता येतील. चित्रपट आणि गाणी यांचे तेच. परंतु आजोबांचा दाखला, आजीच्या आवाजातली जात्यावरची ओवी, वस्तीत पहिले विहार बांधले त्या दिवसाचा फोटो, या वस्तू कोणत्याही संकेतस्थळावर नाहीत. जागेसाठी कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, याचा निर्णय या दोन भागांवरून करावा. 'जास्त जागा घेणारे आधी पुसा' हा मोबाईल सुचवतो तो मार्ग येथे धोक्याचा आहे, कारण मोबाईलला फक्त आकार कळतो.

क्लाउड म्हणजे काय

क्लाउड म्हणजे ढग. नाव ऐकून वस्तू वर कोठे तरी हवेत राहते असे वाटते. प्रत्यक्षात ती जमिनीवर, एका मोठ्या इमारतीत, ओळीने रचलेल्या संगणकांच्या डिस्कवर राहते. अशा इमारतीला डेटा सेंटर म्हणतात. आपल्या नवी मुंबईत ऐरोलीच्या बाजूला अशी अनेक केंद्रे उभी आहेत. तेथे अहोरात्र वीज लागते, यंत्रे थंड ठेवावी लागतात, डिस्क बिघडल्या की बदलाव्या लागतात. मोठ्या कंपन्या एकाच वस्तूच्या एकाहून अधिक प्रती वेगवेगळ्या डिस्कवर ठेवतात, म्हणून एखादी डिस्क जळाली तरी आपल्याला पत्ता लागत नाही. आपला फोटो मुंबईच्या केंद्रात आहे की परदेशात, हे मात्र आपण ठरवत नाही. थोडक्यात, क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या मालकीच्या गोदामात आपल्याला मिळालेला एक खण. किल्ली आपल्याकडे, गोदाम त्यांचे, नियमही त्यांचे.

हा खण काही मर्यादेपर्यंत विनामूल्य असतो. गूगलच्या एका खात्याला १५ जीबी मिळतात आणि त्यात जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज तिन्ही आले. ॲपलच्या आयक्लाउडमध्ये ५ जीबी, मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हमध्ये ५ जीबी, ड्रॉपबॉक्समध्ये २ जीबी. वर आपण पाहिले की एका कार्यक्रमाचे चित्रण १२ जीबी होते. म्हणजे बहुतेक फुकट जागा एका संध्याकाळीत संपते. तीच जागा प्रत्येकी चार एमबीच्या फोटोंना वापरली तर साडेतीन हजारांहून अधिक फोटो मावतात, आणि कागदपत्रे पीडीएफ करून ठेवली तर घरातील सर्वांची मिळून ती एका कोपऱ्यात बसतात. म्हणून विनामूल्य जागा व्हिडिओंवर घालवू नये, असे आमचे मत आहे.

फुकट मिळणारी जागा कायम तशीच राहील असेही धरून चालू नये. गूगल फोटोजमध्ये पूर्वी किंचित कमी दर्जाचे फोटो कितीही ठेवता येत. १ जून २०२१ पासून नव्याने चढवलेले असे फोटो १५ जीबीत मोजू लागले. अँड्रॉइडवरील व्हॉट्सॲपच्या गप्पांचा बॅकअपही आधी मोजत नसत. २०२४ पासून तोही त्याच १५ जीबीत आला. त्यामुळे अनेकांची जागा काही न करता भरली. जागा भरल्याचा सर्वांत वाईट परिणाम फोटोंवर होत नाही, तो होतो जीमेलवर. खाते भरले की नवे मेल येणे बंद होते. प्रवेशाच्या किंवा शिष्यवृत्तीच्या हंगामात एखाद्या विद्यार्थ्याच्या नकळत हे घडले तर त्याला कळवलेली तारीख त्याच्यापर्यंत पोचतच नाही. तेव्हा महत्त्वाच्या अर्जांना जो मेल पत्ता दिला आहे, त्या खात्यात मोबाईलचे फोटो चढवू नयेत. फोटोंसाठी दुसरे खाते काढावे.

जागा मोकळी करण्याची रीत

आता मुख्य मुद्दा. बॅकअप घेणे आणि जागा मोकळी करणे, ही दोन कामे वेगळी आहेत. बहुतेकांची फसगत येथेच होते. बॅकअप घेतला म्हणजे मोबाईलमधील फोटोची दुसरी प्रत क्लाउडवर तयार झाली. मोबाईलमधील जागा त्यामुळे एक बाइटनेही कमी झाली नाही. जागा मोकळी केली म्हणजे मोबाईलमधील प्रत काढली; आता जी उरली ती एकच प्रत, क्लाउडवरची. दोन होत्या त्याची एक झाली. तिला बॅकअप म्हणणे चुकीचे आहे. ती आता मूळ वस्तूच झाली.

अँड्रॉइड मोबाईलवर हे कसे करावे ते सांगतो. गूगल फोटोज उघडून कोपऱ्यातील आपल्या चित्रावर बोट ठेवावे. तेथे बॅकअप चालू आहे की नाही ते दिसते आणि कोणत्या मेल पत्त्याच्या खात्यात चालू आहे तेही दिसते. दुसरी गोष्ट अवश्य पाहावी. मुलाने मोबाईल लावून देताना स्वतःचे खाते घातले आणि वडिलांचे फोटो तीन वर्षे मुलाच्या खात्यात जात राहिले, असे आम्ही पाहिले आहे. त्यानंतर दर्जा निवडावा. 'ओरिजिनल क्वालिटी' म्हणजे फोटो जसाच्या तसा. 'स्टोरेज सेव्हर' म्हणजे दाबून लहान केलेला; त्यात १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठा फोटो तेवढ्यावर आणि व्हिडिओ १०८० दर्जावर आणतात. घरगुती फोटोंना दुसरा प्रकार चालतो. जुन्या कागदपत्रांना आणि छापील फोटोंवरून घेतलेल्या प्रतींना पहिलाच ठेवावा.

पुढे फोल्डरांचा प्रश्न. बॅकअप सुरू केला की कॅमेऱ्याने काढलेले फोटो जातात. व्हॉट्सॲपवरून आलेले फोटो वेगळ्या फोल्डरात असतात आणि ते फोल्डर आपण सुरू केल्याशिवाय त्यातील काहीही वर जात नाही. गावाहून चुलत्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेला उतारा आपल्याला गॅलरीत दिसतो, म्हणून तो बॅकअपमध्ये असेलच असे नव्हे. त्यासाठी संपूर्ण व्हॉट्सॲपचे फोल्डर चालू करण्यापेक्षा असा कागद निवडून ड्राइव्हमध्ये ठेवणे बरे. नाही तर ते फुलांचे ताटवेही आपल्या १५ जीबीत जाऊन बसतील.

बॅकअप पूर्ण होण्यास वेळ लागतो, याची कल्पना असावी. इंटरनेटचा वेग बिटमध्ये सांगतात आणि फाइलचा आकार बाइटमध्ये; आठ बिटचा एक बाइट. चढवण्याचा वेग सेकंदाला पाच मेगाबिट असेल तर प्रत्यक्षात सेकंदाला जेमतेम ०.६ एमबी वर जाते. त्या बारा जीबीच्या चित्रणाला पाच तासांहून अधिक लागतील. रोज दीड जीबीचा पॅक असणाऱ्याला आठ दिवस पुरे पडतील. म्हणून ज्यांच्याकडे घरी वायफाय नाही त्यांनी एकदम सगळे चढवण्याच्या फंदात पडू नये. संस्थेच्या अभ्यासिकेत वायफाय आहे, तेथे मोबाईल चार्जिंगला लावून बसावे आणि तोवर पुस्तक वाचावे.

बॅकअप झाल्यावर खात्री करून घ्यावी. फोटो उघडून वर सरकवला की तपशील दिसतो आणि तेथे 'बॅक्ड अप' असे लिहिलेले असते. आमच्या अनुभवाने याहून चांगली खात्री दुसऱ्या यंत्रावर होते. अभ्यासिकेतील संगणकावर त्याच खात्याने गूगल फोटोज उघडावे आणि महत्त्वाचे पाच-दहा फोटो तेथे प्रत्यक्ष उघडून, मोठे करून, अक्षरे वाचता येतात का ते पाहावे. पाहून झाल्यावर त्या संगणकावरून खाते बंद करण्यास विसरू नये.

एवढे झाले की मगच मोबाईलवर 'फ्री अप स्पेस' हा पर्याय वापरावा. तो फक्त बॅकअप झालेल्या वस्तूच मोबाईलवरून काढतो आणि क्लाउडवरील प्रतीला हात लावत नाही. एखादाच फोटो मोबाईलवरून काढायचा असेल तर त्या फोटोच्या तीन ठिपक्यांखाली 'डिलीट फ्रॉम डिव्हाइस' असते. कचऱ्याच्या टोपलीचे जे साधे चिन्ह खाली दिसते ते दोन्हीकडून पुसते. आमच्या कार्यकर्त्याचे बोट त्या चिन्हावर पडले होते.

आयफोन वापरणाऱ्यांसाठी थोडेसे. तेथे आयक्लाउड फोटोज चालू असेल तर फोनवर आणि क्लाउडवर एकच संग्रह असतो. फोनवरून पुसले की सगळीकडून जाते आणि टोपलीत सुमारे तीस दिवस राहते. जागा वाचवण्यासाठी तेथे 'ऑप्टिमाइझ आयफोन स्टोरेज' आहे. ते चालू केले की फोनवर लहान प्रती राहतात आणि मूळ मोठ्या प्रती क्लाउडवर. पुसण्याची गरजच पडत नाही.

लॅपटॉपवर वनड्राइव्ह वापरणाऱ्या विद्यार्थ्यांनी एक लक्षात ठेवावे. फाइलीच्या नावाशेजारी ढगाचे चिन्ह असेल तर ती फाइल लॅपटॉपमध्ये नाही, नाव तेवढे आहे. सुटीत गावी जाऊन, जेथे नेटवर्कसाठी टेकडीवर जावे लागते तेथे, प्रकल्पाची फाइल उघडू गेल्यास ती उघडणार नाही. जाण्यापूर्वी तिच्यावर 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' करून ठेवावे.

एक प्रत

दक्षिण कोरियातील डेजॉन शहरात तेथील शासनाचे डेटा सेंटर आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी त्यातील लिथियम बॅटऱ्यांना आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाइली ठेवण्याची 'जी-ड्राइव्ह' नावाची क्लाउड व्यवस्था तेथे होती. प्रत्येक कर्मचाऱ्याला तीस जीबी जागा दिलेली होती, आणि फाइली कार्यालयातील संगणकावर न ठेवता तेथेच ठेवाव्यात अशी सूचना होती. ८५८ टीबी माहिती त्या आगीत गेली. एक टीबी म्हणजे हजार जीबी. संग्रह फार मोठा म्हणून त्याची दुसरी प्रत बाहेर ठेवलेली नव्हती. ज्यांनी सूचना तंतोतंत पाळली त्यांचे नुकसान सर्वाधिक झाले. ज्यांनी आळसाने म्हणा वा सवयीने म्हणा, आपल्या संगणकावर प्रत राहू दिली होती, त्यांचे काम चालू राहिले. इतकी प्रगत यंत्रणा असलेल्या देशात हे घडले, म्हणून मुद्दाम येथे नोंदवले.

एकाच प्रतीचे भय आपल्या परंपरेला नवे नाही. तिपिटक कित्येक शतके भिक्खूंच्या मुखी होते. श्रीलंकेत इ. स. पूर्व पहिल्या शतकात दुष्काळ पडला, युद्धे झाली, मुखोद्गत असणारे भिक्खू कमी होऊ लागले, तेव्हा मातले गावाजवळच्या आलुविहारात ते प्रथम ताडपत्रांवर लिहून काढले असे तेथील परंपरा सांगते. विनयाच्या अट्ठकथेत एक हकीकत आहे. महानिद्देस हा ग्रंथ एका काळी एकट्या एका भिक्खूलाच येत होता, आणि तो आचरणाने चांगला नव्हता. तरीही ग्रंथ नाहीसा होऊ नये म्हणून शीलवान भिक्खूंना त्याच्यापुढे बसून तो शिकावा लागला. वस्तू एकाच ठिकाणी उरली की आपली निवड संपते; ज्याच्याकडे आहे त्याच्या अटीवर ती घ्यावी लागते.

म्हणून पुन्हा न मिळणाऱ्या वस्तूंच्या तीन प्रती असाव्यात, त्या किमान दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक तरी घराबाहेर असावी. संगणकाच्या क्षेत्रात याला ३-२-१ चा नियम म्हणतात. मोबाईलवर एक, क्लाउडवर एक, आणि हार्ड डिस्कवर वा पेन ड्राइव्हवर एक, अशी विभागणी सोपी पडते. मोबाईलची जागा मोकळी करायची असेल तर तिसरी प्रत दुसऱ्या नातेवाइकाकडे द्यावी, पण मोबाईलची प्रत काढून निव्वळ क्लाउडवर विसंबू नये. पेन ड्राइव्ह वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिला तर तो वाचता येईलच याची शाश्वती नसते. वर्षातून एकदा, १४ एप्रिलच्या आठवड्यात म्हणा, तो लावून पाहावा.

विद्यार्थ्यांची कागदपत्रे

अनुसूचित जातीच्या जात पडताळणीत १० ऑगस्ट १९५० या दिवसाला महत्त्व आहे. त्यापूर्वीचा, जातीचा व वास्तव्याचा पुरावा असणारा पूर्वजांचा कागद मागितला जातो. हा कागद बहुधा आजोबांचा वा पणजोबांचा शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूच्या नोंदीचा उतारा किंवा महसुली कागद असतो. अनेक घरांत तो एकच असतो, घडीवर फाटलेला, पिशवीत ठेवलेला. त्यावरच चुलत भावंडांपर्यंत सर्वांची शिक्षणे आणि नोकऱ्या अवलंबून असतात. अशा कागदाची प्रत ड्राइव्हमधील 'स्कॅन' वापरून पीडीएफ करावी आणि सर्व भावंडांनी आपापल्या खात्यात ठेवावी. प्रत असली म्हणून मूळ कागद टाकू नये. समितीपुढे मूळ कागद दाखवावा लागतो. परंतु मूळ हरवला तरी प्रतीवरील शाळेचे नाव, रजिस्टर क्रमांक व वर्ष यांच्या आधारे त्या शाळेतून पुन्हा उतारा मागता येतो. आमच्या विद्यार्थिनीजवळ हा क्रमांकच उरला नाही, म्हणून तिच्या वडिलांना गावच्या शाळेत तीन खेपा घालाव्या लागल्या. जुनी रजिस्टरे एकेक उघडून पाहावी लागली. नोंद सापडली, पण प्रवेशाची मुदत अगदी काठावर आली होती.

केंद्र शासनाचे डिजिलॉकर २०१५ साली सुरू झाले. त्याचे दोन कप्पे समजून घ्यावेत. पहिल्यात 'इश्यूड' कागदपत्रे, म्हणजे ज्या खात्याने वा मंडळाने कागद दिला त्याच्याच नोंदीतून थेट आलेली. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, वाहन परवाना इत्यादी. २०१७ च्या नियमानुसार ही मूळ कागदाच्या बरोबरीची मानली जातात, आणि ती आपल्या मोबाईलची जागाही घेत नाहीत. दुसऱ्या कप्प्यात आपण स्वतः चढवलेले कागद. त्यासाठी एक जीबी जागा मिळते. पण तेथे चढवला म्हणून साध्या फोटोला मूळ कागदाचे मोल येत नाही. हा फरक न कळल्याने प्रवेशाच्या रांगेतून परत आलेले विद्यार्थी आम्हांला माहीत आहेत.

आणखी एक. ड्राइव्हमधील फाइल दुसऱ्याला देताना 'लिंक असणारा कोणीही' असा पर्याय निवडला, तर ती लिंक ज्याच्या हाती पडेल तो ती उघडू शकतो. आधार, पॅन, बँकेचे पासबुक असे कागद त्या पद्धतीने ग्रुपवर टाकू नयेत. ज्याला द्यायचे त्याच्या मेल पत्त्यावरच परवानगी द्यावी आणि काम झाले की काढून घ्यावी.

किल्ली

क्लाउडमधील वस्तू जाण्याचे घरगुती कारण आग नसते, विसरलेला पासवर्ड असतो. मोबाईल नंबर बदलला, जुन्या नंबरावर येणारा संकेतांक मिळेना, आणि दहा वर्षांचे फोटो समोर असून उघडता येईनात. नंबर बदलताच खात्यातील नंबर बदलावा. दुसरा पर्यायी मेल पत्ता घालून ठेवावा. खाते दोन वर्षे मुळीच वापरले नाही तर गूगल ते काढून टाकू शकते. डिसेंबर २०२३ पासून याची अंमलबजावणी सुरू झाली. जागा भरून वर गेलेले खाते दोन वर्षे तसेच राहिले तरी त्यातील वस्तू काढल्या जाऊ शकतात. पैसे भरून वाढवलेली जागा बंद करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. माणूस गेल्यावर त्याच्या खात्यातील वस्तू घरच्यांना मिळाव्यात यासाठी गूगलमध्ये 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे. आपण किती महिने खाते उघडले नाही तर कोणाला कळवावे व काय द्यावे, हे तेथे आधीच लिहून ठेवता येते. मृत्युपत्राइतकेच हे काम लोक लांबणीवर टाकतात.

संस्थेच्या बाबतीत हाच प्रश्न अधिक अवघड होतो. कार्यक्रमांचे फोटो ज्या कार्यकर्त्याने चढवले त्याच्या खात्याची जागा ते घेतात आणि मालकीही त्याचीच राहते. तो दुसऱ्या गावी गेला, त्याचे खाते बंद झाले, की संस्थेच्या सामायिक फोल्डरातून ते फोटोही जातात. म्हणून २०२५ च्या आरंभी कार्यकारिणीने संस्थेच्या नावाचे स्वतंत्र खाते काढले. पासवर्ड अध्यक्ष व सचिव या दोघांकडे लिफाफ्यात आहे. प्रत्येक कार्यक्रमानंतर चित्रण प्रथम हार्ड डिस्कवर उतरते, मग निवडक भाग क्लाउडवर जातो, आणि दोन्ही ठिकाणी उघडून पाहिल्यावरच कार्यकर्ता आपला मोबाईल रिकामा करतो. त्याची नोंद वहीत होते. ही वही तोच कार्यकर्ता ठेवतो, आणि त्याच्याइतके काटेकोरपणे ती दुसरे कोणी ठेवू शकेल असे आम्हांला वाटत नाही.

त्या वयोवृद्ध सभासदांचे राहिलेले बोलणे टिपून घ्यायचे म्हणून आम्ही पुढील महिन्यात त्यांच्या घरी जाणार होतो. ते जमले नाही. जानेवारीत त्यांचे निधन झाले. अकरा मिनिटांचे चित्रण आहे. ते गाडी नागपूरच्या स्थानकात शिरते तेथे थांबते. त्याच्या तीन प्रती केल्या आहेत : एक संस्थेच्या खात्यावर, एक हार्ड डिस्कवर, एक त्यांच्या नातीकडे.

ज्यांना आपला मोबाईल वरील रीतीने मोकळा करून घ्यायचा असेल त्यांनी रविवारी सकाळी वंदनेनंतर अभ्यासिकेत यावे. येताना चार्जर आणावा, मेलचा पासवर्ड आठवून यावे, आणि घरात आजोबांचा एखादा जुना कागद असेल तर तोही प्लास्टिकच्या पाकिटात घालून आणावा.